अर्धेसाहेब

४ फेब्रुवारी

आज कारखान्यावर राहायला आले. सामान म्हणजे दोन बॅगा, शिवणयंत्र आणि पुस्तकांची खोकी. ऑफिसच्या वर दोन खोल्या आहेत. दुपारी पाठ टेकायला म्हणून ह्यांनी त्या ठेवल्या होत्या, आता त्या माझ्या. खिडकीतून सगळं आवार दिसतं: रिकाम्या डब्यांची रास, मालाची गाडी, फाटकापाशी ऊन खात पडलेलं कुत्रं. खोलीला रंगाचा वास आहे. बाहेरची माणसं नाक मुरडतात. मला तो ह्यांच्या शर्टाचा वास वाटतो, म्हणून खिडकी मुद्दामच अर्धी उघडली.

खोकी वर चढवताना गाडीवाल्याला धाप लागली. यात डबे भरलेत का, असं त्याने विचारलं. पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग डबेच बरे, वहिनी, ते निदान कधीतरी संपतात. सगळे हसले. मीही हसले. कितीतरी दिवसांनी स्वतःचं हसू ऐकलं.

मुलगी तिच्या शहरात बोलावत होती. पण तिथे मी काय करणार? तिच्या दारांच्या कड्या सरळ करत बसणार. हे गेल्यापासून घरात बसून भिंती पाहिल्या, आता जरा भिंती रंगवणाऱ्यांत बसते. शाळा माझी लवकर सुटली. नीट वाचायला शिकले ती लग्नानंतर, आधी डब्यांवरची लेबलं आणि मग हाताला लागेल ते. तेव्हा हेही शिकेन. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, विक्री बघतात. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही खुर्चीत नुसत्या बसलात तरी माणसं सरळ राहतील. ‘नुसत्या’ हा शब्द मी लक्षात ठेवला आहे.

९ फेब्रुवारी

चार-पाच दिवस सगळीकडे फिरून पाहिलं. आमचा कारखाना लहान आहे. गिऱ्हाईक जो रंग मागेल तो आम्ही करून देतो. कुणी जुन्या दाराचा टवका आणतं, कुणी यंत्राचा पत्रा, कुणी शर्टाचं बटण. तोच रंग डब्यात भरून द्यायचा. दुकानात मिळत नाही ते आमच्याकडे मिळतं, एवढ्यावरच आम्ही उभे आहोत.

ह्यांचा एक नियम होता. एका माणसाला एकच गोष्ट माहीत असावी. रंगमास्तर छटा जुळवतात. अंगठ्याच्या नखावर रंगाचा ठिपका लावून खिडकीपाशी धरतात आणि काय कमी आहे ते सांगतात. पण रंग दळायची गिरणी किती वेळ फिरवायची ते त्यांना माहीत नाही. ते गिरणीवाल्या मामांना आवाजावरून कळतं. कुठला रंग कुणाला जातो ते मामांना माहीत नाही. ते फोनवर बसणाऱ्या ताईच्या डोक्यात. गिऱ्हाईक ‘हॅलो’ म्हणायच्या आत ती त्याला ओळखते आणि मागच्या खेपेचा रंग सांगते. कागदावर कुठेच काही नाही. बाहेरच्या कुणी एखादा माणूस फोडला तरी त्याला सगळा कारखाना मिळू नये, म्हणून ही युक्ती. हे म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती मूठ ह्यांची होती, आणि आता तीच राहिली नाही.

परवा एका शाळेला निळा रंग गेला तो वरच्या मजल्याला एक आणि खालच्याला दुसरा. शाळेने सगळा माल परत पाठवला. असं आणखी दोनदा झालं तर फाटकाला कुलूप लावावं लागेल, असं भाऊजी म्हणाले. ते आवारातल्या माणसांकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही.

१६ फेब्रुवारी

भाऊजींनी तोडगा आणला. मोठ्या कंपन्यांत म्हणे एक तंत्रप्रमुख असतो. संगणक, यंत्रं, कामाची पद्धत, सगळं तो बसवतो. आख्खा माणूस ठेवायची आपली ऐपत नाही. पण आता असे साहेब भाड्याने मिळतात. एक संस्था ते पुरवते. आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे, बाकीचे दिवस दुसऱ्यांकडे. मी म्हटलं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणार. भाऊजी म्हणाले, उंटही आपलाच असणार नाही, तो वाटून घ्यायचा.

मला भाऊजींचाच संशय आला. आपला माणूस आणून बसवायचा आणि मला वरच्या खोलीत पुस्तकं वाचत ठेवायचं, असा बेत असावा. म्हणून भेटायला मी स्वतः बसले.

गृहस्थ वेळेवर आले. मध्यम वय, स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. चेहरा असा की समोर असताना चांगला वाटतो आणि नंतर आठवायला गेलं तर चष्मा होता की नव्हता तेही सांगता येत नाही. त्यांनी स्वतःची फुशारकी मारली नाही. मीच जास्त बोलले. ते ऐकत होते, आणि ऐकताना जरा पुढे वाकत होते, भूक लागलेल्या माणसासारखे. शेवटी मी विचारलं की तुमची पद्धत काय. ते म्हणाले, “माहिती एकाच जागी असावी. दोन जागी असली की कधीतरी त्या वेगळ्या होतात, आणि मग खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.”

मला वाटलं, हेच बोलताहेत. ह्यांचाच नियम, फक्त शिकलेल्या माणसाच्या तोंडून. भाऊजी काही विचारायच्या आत मीच होकार दिला.

२६ फेब्रुवारी

कारखान्याने साहेबांना नाव ठेवलं आहे, अर्धेसाहेब. पगार अर्धा, हजेरी अर्धी, तर चहाही अर्धाच द्यायचा का, असं ताईने मला डोळे मिचकावत विचारलं. त्यांच्या कानावर गेलं असावं, पण ते नुसते हसले.

ते एकेकाला घेऊन बसतात. ऑफिसच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या, मधे टेबलही नाही. लिहून घेत नाहीत. संगणक बंद असतो. माणसाने आपलं काम पहिल्यापासून सांगायचं, जे कधी कुणाला सांगितलं नाही ते. मामा तीन वाक्यांच्या वर बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे, आणि ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, माणूस चांगला आहे, आपल्या बायकोने इतकं कधी ऐकलं नाही.

आज त्या खोलीत बसून माझ्याशीही सहज बोलत होते. ह्यांनी धंदा सुरू कसा केला, असं विचारलं. मी आमच्या पहिल्या खोलीची गोष्ट सांगितली. नवं लग्न, एकच खोली, आणि हे भिंतीसाठी पांढरा रंग करत होते. दर खेपेला चिमटीने पिवळा टाकायचे आणि मला विचारायचे, आता? मी म्हणायची, अजून. असं दुपारभर चाललं. शेवटी मी कंटाळून म्हटलं, आता थांबा, नाहीतर मी माहेरी जाते. तोच रंग पुढे आमचा सगळ्यात जास्त खपला. सांगताना मला इतकं बरं वाटलं! ते म्हणाले, आणखी असेल तर सांगा, घाई नाही.

८ मार्च

काम सुधारलं यात शंका नाही. शाळेचा निळा दोन्ही मजल्यांना एकसारखा गेला. आता संगणकावर आकडे येतात, तेवढं तोलून टाकलं की रंग तयार. भाऊजी शीळ घालत फिरतात.

एक गोष्ट पाहिली ती लिहून ठेवते. आज अर्धेसाहेब खिडकीपाशी उभे होते. त्यांनी अंगठ्याच्या नखावर ठिपका लावला, नख उन्हात तिरकं केलं, आणि ओठ जरा बाजूला ओढले. ओठ ओढायची ती सवय रंगमास्तरांची. शिकवून येत नाही ती.

ते आता दोन दिवसांऐवजी रोज येतात. दुसऱ्या कंपन्यांचं काय, असं मी विचारलं. तिथलं काम पूर्ण झालं, असं म्हणाले.

१५ मार्च

रंगमास्तर आज डब्यांसमोर बराच वेळ उभे होते. एका डब्यात विटकरी, एका डब्यात हिरवा. गाडीवाल्याने गमतीने विचारलं, मास्तर, यातला हिरवा कुठला? त्यांनी विटकरी दाखवला. गाडीवाला हसला. मास्तर हसले नाहीत. मी त्यांना माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे तरुण माणसासारखे आहेत, दोष नाही. बाहेर आल्यावर मास्तर हळूच म्हणाले की वहिनी, दिसतं सगळं, पण त्याला काय म्हणायचं आणि त्याचं काय करायचं ते आठवत नाही.

ताईचंही तसंच. सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तो तिला ‘अगं पोरी’ म्हणतो, तिच्या लग्नाला आला होता. तिने विचारलं, आपण कोण? त्याला राग आला. तिला वाईटही वाटलं नाही. मागच्या खोलीतून अर्धेसाहेबांनी फोन उचलला, आणि ‘बोला काका, गुडघा काय म्हणतो’ असं अगदी तिच्याच सुरात म्हणाले.

वयामुळे होतं, असं भाऊजी म्हणतात. ताईचं वय माझ्या मुलीएवढं आहे.

१९ मार्च

साहेब ज्यांच्याकडे आधी काम करत होते त्यातल्या एका मालकांना मी फोन लावला. नंबर संस्थेनेच दिला होता, साहेबांना कामावर घेताना मी तो पडताळला नव्हता. मालक फार गोड बोलले. साहेब म्हणजे रत्न, धंदा असा चाललाय की विचारू नका. मी विचारलं, आपला धंदा कसला? ते म्हणाले, मोठा आहे. मी पुन्हा विचारलं, पण करता काय? ते जरा हसले आणि म्हणाले, ते साहेबांना विचारा ना, त्यांना सगळं माहीत असतं. मागे यंत्रांचा आवाज येत होता. कसली यंत्रं आहेत, एवढं तरी सांगा म्हटलं. फोन ठेवायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, “तुम्हाला माहीत आहे का?”

२४ मार्च

मुलीशी फोनवर बोलत होते. तिने नवी खोली रंगवायला काढली आहे. म्हणाली, आई, तुमच्या त्या पहिल्या खोलीतला पांढरा पाठव. मी विचारलं, कुठली खोली? तिला वाटलं मी थट्टा करतेय. अगं, बाबा चिमटी चिमटीने पिवळा टाकत होते आणि तू माहेरी जायची धमकी दिलीस ती. मी म्हटलं, असं कधी झालं? ती म्हणाली, तू ही गोष्ट मला झोपताना सांगायचीस, शंभर वेळा ऐकली आहे.

फोन ठेवला आणि ही वही मागे चाळली. २६ फेब्रुवारीला सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. वाचलं. दुसऱ्या कुणाच्या संसारातलं वाचावं तसं वाटलं. खोलीला खिडकी कुठे होती, हे भिंतीसमोर कसे उभे होते, काही नाही. कोरी भिंत.

सांगितलं की जातं. ऑफिसमागच्या खोलीत बसून सांगितलं की ते अर्धेसाहेबांकडे जातं आणि आपल्याकडे राहत नाही. एकाच जागी.

हे मी आज दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

२७ मार्च

भाऊजींना म्हटलं, अर्धेसाहेबांना आजच्या आज काढा. ते आधी हसले, मग चिडले. म्हणाले, “काढा आणि मग? गिरणी तुम्ही फिरवणार, का मी?” खरं आहे. मास्तरांकडे काही राहिलं नाही, मामांकडे नाही, ताईकडे नाही. सगळा कारखाना त्या एका माणसात आहे. तो फाटकाबाहेर गेला तर कारखाना त्याच्याबरोबर जाईल आणि इथे नुसते डबे राहतील. भाऊजींना मी विचारलं, तुम्ही किती वेळा बसलात त्याच्यासमोर? ते म्हणाले, रोज बसतो. मग मी विचारलं, लहानपणी दादांनी तुम्हाला पोहायला कुठे शिकवलं होतं? हे त्यांचं आवडतं पुराण, पाहुणा आला की सुरू व्हायचं. ते म्हणाले, मला पोहता येतं?

भाऊजींवर उगीच संशय घेतला. बिचाऱ्याचा तर पहिला नंबर लागला.

मास्तरांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, वहिनी, जन्मभर डोळ्यांना विश्रांती नव्हती, कुणाच्या घरी गेलो तरी भिंतीतला दोष दिसायचा. आता हलकं वाटतं.

हलकं.

परतताना तोच शब्द डोक्यात होता.

२ एप्रिल

मी मागच्या खोलीत जात नाही. अर्धेसाहेब जिन्यात भेटले तरी फक्त मान हलवते. ते आग्रह करत नाहीत. काल एवढंच म्हणाले की तुमच्याकडे अजून पुष्कळ आहे, दमत असाल.

दमते. कशाने ते लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते.

हे शेवटी दवाखान्यात होते तेव्हा पलंगासमोरच्या भिंतीला आमचाच हिरवा होता. हे पडल्या पडल्या त्यात दोष काढायचे, खालचा पट्टा वेगळ्या लॉटचा आहे म्हणायचे. तोवर ठीक होतं. मग ताप डोक्यात गेला. मी पलंगाशी बसून पाणी पाजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि परक्या बाईशी बोलावं तसं नम्रपणे म्हणाले, “ताई, माझ्या बायकोला जरा बोलवाल का?”

मी म्हटलं, बोलावते. ते दाराकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले.

त्या दिवसापासून मी ते वाक्य घेऊन उठते आणि घेऊन निजते. पुस्तकं वाचते ती त्या वाक्यावर दुसरी वाक्यं टाकायला. कुठलंच पुरत नाही.

तेवढंच देऊन टाकलं तर? बाकी काही नाही. लग्न नाही, संसार नाही, त्यांचं बोलणं नाही. फक्त तो दवाखाना. ज्याने माझं एक चोरलं त्याच्याकडूनच दुसरं काढून घ्यायचं, काट्याने काटा. मग मी मोकळी, आणि मोकळ्या डोक्याने त्यांना घालवायचं कसं ते बघेन.

मन म्हणतं, हा विचार तुझा नाही. मग कुणाचा —

३ एप्रिल

सांगितलं.

दुपारी गेले. दोन खुर्च्या. दारं उघडी, बाहेर डबे आपटल्याचे आवाज, माणसांचं बोलणं. भीती वाटावी असं काही नव्हतं. मी मधेच थांबले तर ते म्हणाले, “सगळं घेऊ, की थोडं ठेवू?”

त्यांनी चोरून घेतलं नाही. विचारलं. हे लिहून ठेवते, मी नाही म्हणू शकले असते.

मी म्हटलं, सगळं घ्या.

शेवटी त्यांचे डोळे भरून आले. माझे नाही.

४ एप्रिल

किती छान झोप लागली! उठले तर ऊन पायांपर्यंत आलं होतं. खिडकी सताड उघडली. आवारातलं कुत्रं शेपूट हलवून वर बघत होतं.

दोन कप चहा केला. हे कुठे बाहेर गेलेत कोण जाणे, सांगून गेले नाहीत. ह्यांचं नेहमीचंच. चहा निवला.

खाली सगळ्यांना विचारलं, हे कुठे गेलेत? ताई माझ्याकडे बघत नव्हती. रंगमास्तर पगार न्यायला आले होते, ते तोंडावर हात ठेवून रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं काय झालं?

५ एप्रिल

हे रात्री आले नाहीत. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, वहिनी, असं काय करता, दादा गेला ना. कुठे गेला, म्हटलं. तर डोकं धरून खाली बसले. कुठे ते भाऊजींना तरी कुठे आठवतंय!

मुलीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग रडली. मी येते, तोवर काही करू नकोस, त्या माणसाशी बोलू नकोस, म्हणाली. बाबांबद्दल तिने जे सांगितलं ते मी लिहिणार नाही. जन्मदात्याबद्दल असं बोलवतं कसं? तिला काहीतरी हवं असणार. खोल्या, कारखाना — काहीतरी.

फक्त अर्धेसाहेब वाद घालत नाहीत. मी विचारलं, हे येतील ना? ते म्हणाले, “येतील. घाई नाही.”

६ एप्रिल

ही वही वाचली. पहिल्या पानावर लिहिलंय, हे गेल्यापासून. अक्षर माझं. पण मी असं लिहीन? जिवंत माणसाबद्दल? कुणीतरी माझं अक्षर गिरवलंय. भाऊजींनी — खुर्चीसाठी. का मुलीने. २ एप्रिलचं पान तर — कोण ही बाई, पलंगाशी बसलेली — कोण ताई —

पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही. का नाही फाडलं? पान खोटं आहे तर —

त्याच पानावर लिहिलंय की अर्धेसाहेबांना घालवायचं. म्हणजे हे लिहिणाऱ्याला ते नको होते. एवढ्यावरून कळतं कोण आपलं आणि कोण परकं.

आज ते वर आले. पहिल्यांदाच. न विचारता फळीवरचा बरोबर ह्यांचा कप घेतला. खुर्ची भिंतीला तिरकी लावून बसले. मी म्हटलं, तिथे हे बसतात. ते म्हणाले, माहीत आहे.

मग मला नावाने हाक मारली. ते नाव फक्त —

संध्याकाळी

मुलगी उद्या पोचते. भाऊजींबरोबर येणार आहे, मला घेऊन जायला. कुठे ते सांगत नाही. आतून कडी लावली आहे.

एक गोष्ट — नको. उद्या लिहीन.

७ एप्रिल

खाली गाडी आली. मुलीचा आवाज. आवारात पळतेय. ऊन लख्ख आहे, सगळं स्पष्ट दिसतं.

फाटकाशी मामा तिला काही सांगताहेत. कारखाना बंद का आहे? गिरणीचा आवाज नाही. माणसं नुसती उभी आहेत, हातात काही नाही.

जिन्यावर पावलं. तिची नाहीत. ती अजून आवारात आहे, दिसतेय मला. मान वर करून ओरडतेय, आई, दार उघडू नकोस, तो बाबा नाहीये —

पावलं थांबली. दारावर बोटाच्या पेरांनी टकटक. असं टकटक करणारं माणूस एकच.

मी विचारलं, कोण?

“दुसरं कोण असणार?”

आवाज ह्यांचा. बोलायची तऱ्हा ह्यांची. मग हात कडीवर का थांबतोय? काल लिहायचं टाळलं ते — ह्यांचा चेहरा. काल संध्याकाळपासून आठवतेय. नाक, डोळे, काहीच येत नाही. कोरी —

पण आता त्याचं काय? दार उघडलं की समोरच असतील. चेहरा असेलच. जो असेल तोच ह्यांचा —

उघडते. ती ओरडतेय. कडी जरा घट्ट आहे — निघाली — हे, अहो, पण तुम्ही